अर्धेली

महसूल खात्यात चौतीस वर्षे कलम चालविलेल्या माणसाची एक खोड अशी असते की, कोणतीही वस्तू घरात आणण्यापूर्वी तिचा कायद्यातील दर्जा काय हे पाहिल्याखेरीज त्याच्या जिवाला चैन पडत नाही. आणि म्हणूनच, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी विजेवर चालणारी सायकल घ्यावी असा विचार माझ्या मनात प्रथम डोकावला, तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी मी केंद्रीय मोटार वाहन नियमांचे पुस्तक उघडले. या वाहनाचे वर्णन तेथे ज्या रीतीने केले आहे ते वाचून मला उपनिषदांतील ‘नेति नेति’ची आठवण झाली. मोटारीची शक्ती, अर्ध्या तासाच्या कसोटीवर, २५० वॅटपेक्षा कमी असावी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा. बॅटरी वगळून वजन ६० किलोंहून अधिक नसावे. ब्रेक योग्य असावेत, पुढच्या अंगाला पांढरा आणि मागच्या अंगाला लाल परावर्तक असावा. आणि या सर्व अटी ज्याने पाळल्या ते वाहन मोटार वाहन नव्हे! नोंदणी नाही, परवाना नाही, नंबराची पाटी नाही. हयातभर मी लोकांना नाना प्रकारचे दाखले लिहून दिले, परंतु एखाद्या वस्तूला आपल्या नसण्याबद्दलचा इतका स्वच्छ दाखला मिळालेला मी प्रथमच पाहत होतो.

त्या दोन परावर्तकांपाशी माझी नजर अंमळ रेंगाळली. माझ्या लहानपणी पुण्यात सायकलीला बिल्ला लागे आणि अंधार पडल्यावर दिवा लागे, व यांपैकी एकाचीही उणीव पोलिसाच्या ध्यानी आली तर चारचौघांत जी शोभा होई तिची धास्ती थोरामोठ्यांनाही असे. वडिलांची काळी रॅले होती. वाटेत दिवा विझला की ते खाली उतरत आणि उरलेली वाट सायकल हाती धरून चालत येत. रस्त्यावर पोलीस उभा आहे किंवा नाही, हा मुद्दा त्यांच्या लेखी गैरलागू होता. त्याच सायकलीवर, दांडीखालून पाय घालून, अर्धे पायडल मारीत मी शिकलो. पुण्याच्या सायकलींविषयी आजवर इतके हळवे लेखन झाले आहे की त्यात भर घालण्याची माझी इच्छा नाही. माझे आपले एक मत तेवढे नोंदवून ठेवतो, की ज्या काळी हे शहर सायकलींचे म्हणून ओळखले जाई, त्या काळी ते बव्हंशी सपाटीवर वसलेले होते. पेठांतून डेक्कनवर, डेक्कनवरून लष्करात, असा सारा कारभार नदीच्या काठाकाठाने चाले. पुढे शहर टेकड्यांवर चढू लागले, आणि सायकलस्वार खाली उतरले.

माझ्या सायकलीचाही शेवट एका चढावरच झाला. कोथरूडचा डेपो मागे टाकला की पौड रस्ता चांदणी चौकाच्या दिशेने चढू लागतो, आणि त्या चढापलीकडे बावधनात माझा एक जुना सहकारी, माझ्याबरोबरच अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला, मुलाकडे राहतो. निवृत्तीनंतर दर गुरुवारी सकाळी सदाशिव पेठेतून निघून त्याच्याकडे सायकलीने जाण्याचा माझा शिरस्ता होता. बासष्टाव्या वर्षी, एका गुरुवारी, चढ संपता संपता मी प्रथम खाली उतरलो. आणि शेताची हद्द जशी शेजाऱ्याच्या नांगराने वर्षाला वीतभर सरकावी, तशी ही उतरण्याची जागा दर पावसाळ्यागणिक खाली सरकत गेली, ती थेट डेपोच्या फाटकापर्यंत. त्यानंतर मी सायकल भाचीच्या मुलाला देऊन टाकली. गुरुवार राहिले, पण ते दूरध्वनीवरून साजरे होऊ लागले. आणि ज्यांनी एकमेकांच्या टिपणांवर तीस वर्षे शेरे मारले, त्या दोघांना दूरध्वनीवर बोलण्यासारखे फारसे काही नसते.

विजेच्या सायकलीची सूचना मुलीची. “बाबा, चढावर ती तुम्हाला मदत करते,” एवढेच ती म्हणाली, आणि ‘मदत’ या शब्दाने माझ्या मनात एक तकरार उभी राहिली. चढ आपण चढलो की आपल्याला चढवून नेले, याचा निवाडा कोणी करावा? रिक्षाने जाणारा माणूस निदान स्वतःची फसवणूक करून घेत नाही. पण पाय हलवीत बसायचे आणि ओझे भलत्यानेच वाहायचे, हा मला देवळातल्या भाडोत्री जपासारखा प्रकार वाटला. ही शंका मनात धरून मी या यंत्राचा पूर्वेतिहास चाळू लागलो, आणि तो चाळताना माझ्या शंकेचे उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी, म्हणजे माझ्याच जुन्या दप्तरात सापडले.

मोटार लावलेल्या सायकलीची कल्पना आजची नव्हे. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन नावाच्या गृहस्थाला ३१ डिसेंबर १८९५ रोजी अशा सायकलीचे पेटंट मिळाले. मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटार बसवावी ही त्याची योजना आजही लाखो सायकलींत जशीच्या तशी वापरली जाते. परंतु चालवणाऱ्याने पायडलावर किती जोर लावला हे मोजून त्या प्रमाणात जोर पुरवणारी सायकल बाजारात आली ती १९९३ साली, जपानात, यामाहा कंपनीची. अर्ज मंजूर झाल्यापासून अंमलबजावणीस ९८ वर्षे! आमच्या खात्याची काही प्रकरणे मी पाहिली आहेत, तरीही हा विलंब मला दांडगा वाटला. मात्र जपानच्या सरकारने त्या सायकलीला रस्त्यावर येऊ देताना जी अट घातली होती ती वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. ताशी १५ किलोमीटरपर्यंत यंत्राचा वाटा माणसाच्या वाट्याहून अधिक असता कामा नये, आणि त्यापुढे तो घटत घटत ताशी २४ किलोमीटरवर शून्य व्हावा. म्हणजे निम्मे तुम्ही, निम्मे यंत्र. पुढे त्यांनी ही अट सैल करून मंद गतीला यंत्राचा वाटा दुप्पट केला, तो भाग निराळा. पण मूळ करार निम्म्याचा होता, आणि निम्म्याच्या कराराला आमच्याकडे फार जुना शब्द आहे. अर्धेली.

ज्यांचा शेतीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. जमीन एकाची, कसणारा दुसरा, आणि खळ्यावर येईल त्या धान्याची निम्मी वाटणी, याला अर्धेलीने जमीन करणे म्हणतात. कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारे कूळ हे कायद्याने मालक मानले गेले. त्या एका तारखेची प्रकरणे मी नोकरीत शिरलो तेव्हाही निकालात निघालेली नव्हती, आणि त्यांच्या फायली चाळता चाळता मला अर्धेलीच्या व्यवहारातील सर्व बरेवाईट कळले. त्यातील एक गोष्ट पक्की होती. अर्धेलीत कोणी कोणाला मदत करीत नाही. धान्य वाटून घ्यायचे असते, आणि ज्याने काही केले नाही त्याला खळ्यावर उभे राहण्याचा अधिकार नसतो. मुलीने ‘मदत’ या शब्दाऐवजी हा शब्द वापरला असता, तर माझे दोन महिने वाचले असते.

येथे कोणी लूनाचे नाव काढील. १९७२ साली पुण्यातच किनेटिकने ती काढली, तिलाही पायडले होती, आणि वडिलांच्या वयाच्या कित्येकांनी सायकल सोडून ती घेतली. पण लूनाची पायडले इंजिन सुरू करण्यापुरती, फार तर पेट्रोल संपल्यावर घरी पोचण्यापुरती; तेथे पाय हे इंजिनाच्या चाकरीत होते. वडिलांनी ती घेतली नाही. कारण विचारले तेव्हा, “पाय अजून आहेत,” एवढेच म्हणाले.

शंका फिटली तरी खरेदी उरतेच. पहिल्या दुकानातल्या तरुणाने मोठ्या आपुलकीने माझा हात हँडलवर ठेवला आणि म्हणाला, “आजोबा, ह्याला थ्रॉटल आहे. मूठ पिळा, पायडल मारायलाच नको.” पंगतीला बसलेल्या माणसाला ‘चावायलाच नको’ असे सांगून कढी वाढावी, तसे मला झाले. दुसऱ्या दुकानात, एकदा बॅटरी भरली की सायकल साठ किलोमीटर जाते, असे ऐकविण्यात आले. कोणाच्या वजनाने, कोणत्या रस्त्याने, वाऱ्याच्या कोणत्या दिशेने, असे प्रश्न मी विचारले, तेव्हा विक्रेत्याने चहा मागविला. चहा येईपर्यंत मी खिशातील टिपणवही काढून हिशेब केला. बॅटरी ३६ व्होल्टांची आणि १० अँपिअर-तासांची. गुणाकार ३६० वॅट-तास, म्हणजे वीजबिलाच्या भाषेत एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित अधिक. मध्यम मदत घेत, अधूनमधून चढ असलेल्या रस्त्याने जाणाऱ्या माणसाला किलोमीटरमागे दहा-बारा वॅट-तास तरी लागतात. तेव्हा तीस-पस्तीस किलोमीटर म्हणावे आणि गप्प बसावे. माझ्या मते हा एक गुणाकार ज्याला आला, त्याची निम्मी निवड झाली. बाकीचे रंग, दिवे, पडदे आणि पट्टे हे दुकानदाराच्या समाधानासाठी असतात.

उरलेली निम्मी मात्र बारकाईने पाहावी लागते, आणि ती तिसऱ्या दुकानातल्या, बोटांना ग्रीस लागलेल्या मध्यमवयीन कारागिराने मला उलगडून दाखविली. स्वस्त सायकलीत पायडलाच्या आसाजवळ बारीक चुंबकांची एक चकती असते. पायडल फिरते आहे की नाही, एवढेच ती मोटारीला कळवते. तुम्ही जीव तोडून पायडल मारा की नुसते पाय फिरवा, मोटार ठरलेला जोर देते. महाग सायकलीत दाबाचे मापन होते. पायाने जितके दाबाल तितक्या प्रमाणात जोर मिळतो. मी त्याला म्हणालो, “म्हणजे पहिलीत हजेरीपट आहे आणि दुसरीत मोजमाप.” रोजगार हमीच्या कामांवर हजेरी लावून मजुरी द्यावी की खोदलेली माती मोजून द्यावी, यावरून झालेले तंटे ज्याने मिटविले आहेत, त्याला या दोन पद्धतींतील फरक आणखी समजावून सांगावा लागत नाही. हजेरीवर अर्धेली होत नसते. दर ऐकून छातीत किंचित कळ आली, परंतु मोजमापाची सायकल घ्यायची हे तेथेच ठरले.

मोटार पायडलापाशी असावी की चाकात, हा वाद मी आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यापुढे ठेवला. पायडलापाशी असली तर तिला गिअरांचा फायदा मिळतो, चढावर ती अधिक समजूतदारपणे वागते, पण साखळीची झीज लवकर होते आणि किंमत हाताबाहेर जाते. चाकात असली तर सगळे सोपे, फक्त पंक्चर झाल्यावर मागचे चाक काढताना वायर सांभाळावी लागते. पंक्चरवाल्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “काका, चाक काढतोय कोण? टायर एका बाजूने उचकटायचा, ट्यूब बाहेर ओढायची, तिथंच ठिगळ मारायचं.” मागच्या चाकात मोटार असलेली सायकल घेतली. बॅटरी काढून वर नेता येते की नाही, हेही पाहिले. कारण आमच्या इमारतीत खाली प्लग नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि सायकल बावीस किलोंची. अडीच-तीन किलोंची बॅटरी पिशवीत घालून जिना चढणे मात्र भाजी आणण्यासारखेच आहे.

एका बाबतीत चुकलो, आणि ती चूक शुद्ध अहंकाराची होती. कारागिराने मला दांडी नसलेली, खाली वाकवलेल्या सांगाड्याची सायकल दाखवून, “तुमच्या गुडघ्याला हीच बरी,” असे स्पष्ट सांगितले होते. तिला आमच्या लहानपणी लेडीज सायकल म्हणत. वडिलांची रॅले डोळ्यांसमोर आली, आणि मी दांडीची घेतली.

त्याची फेड दुसऱ्याच दिवशी झाली. आदल्या रात्री पाच तास चार्जर लावून, तांबडा दिवा हिरवा होईपर्यंत मी जागा राहिलो होतो, सौभाग्यवतींनी, “अहो, दूध उतू जातंय का ते? झोपा आता,” असे दोनदा सांगूनही उठलो नव्हतो, आणि भरती चालू असताना बॅटरी एकटी सोडू नये असे पुस्तिकेतच छापलेले असल्यामुळे माझी बाजू कायदेशीर होती. सकाळी सायकल गल्लीत आणली, कळ दाबली, आणि साठ वर्षांच्या सवयीने डावा पाय पायडलावर रोवून उजव्या पायाने जमिनीला एक रेटा देत टांग टाकायला निघालो. ज्या यंत्राला दाब मोजण्याखेरीज दुसरे काहीच ठाऊक नाही, त्या यंत्राने माझा सारा भार पायडलावर आलेला पाहिला आणि त्याचा अर्थ मी जोराने पायडल मारीत आहे असा लावला. सायकल पुढे गेली. माझी टांग दांडीच्या वर, हवेत होती. मी कोठे पडलो याचा तपशील देत नाही. कोपर खरचटले, आणि समोरच्या ओट्यावरच्या दोन मुलांनी मोठ्या संयमाने हसू आवरले.

मला राग आला नाही, हे मी आवर्जून नोंदवतो. वजन आणि श्रम यांतला भेद त्या बिचाऱ्या उपकरणाने कसा ओळखावा, जेथे कचेऱ्यांतून तो भल्याभल्यांना ओळखता आलेला नाही! तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी सायकल ओट्याच्या कडेला लावून, ओट्यावरून दांडी ओलांडून बसायचे. दोन्ही हातांची बोटे ब्रेकवर, कारण ब्रेकची मूठ जराशी दाबली तरी मोटारीचा प्रवाह तुटतो. मग कळ दाबायची, मदतीची पायरी सर्वांत खालची ठेवायची, आणि हलका गिअर टाकून पहिले पायडल मारायचे. मारल्याबरोबर पाठीमागून कोणीतरी तळहात टेकवल्यासारखे वाटते. सायकल शिकताना मागे धावणारे वडील सीटला जसा हात लावीत, तसा. ही उपमा या विषयावर लिहिणारा प्रत्येक जण देत असेल, याची मला कल्पना आहे; पण ती खरी आहे, म्हणून ठेवतो.

पंधरा दिवस मी गल्लीबोळांतून फिरलो, गुडघ्यांना आणि यंत्राला एकमेकांची ओळख होऊ दिली. बॅटरीचे स्वभावही कळले: उन्हातून आल्या आल्या तिला चार्जर लावू नये, निववून मग लावावा, चार-दोन आठवडे वापर नसेल तर ती काठोकाठ भरूनही ठेवू नये आणि रितीही ठेवू नये, निम्मी भरलेली बरी. येथेही निम्मेच!

मग गुरुवार आला. डेपोपाशी मी थांबलो. काही वर्षांपूर्वी याच जागी हरलो होतो तेव्हा त्या पराभवाचे अंकगणित मला ठाऊक नव्हते. आता टिपणवहीत होते. माझे वजन ६६ किलो, सायकलीचे २२; चढ शंभर मीटरला पाच मीटर धरला, तर ताशी ११ किलोमीटरच्या गतीने एवढे ओझे वर न्यायला रस्त्याच्या घर्षणासह सुमारे १५० वॅट लागतात. माझ्यासारख्याच्या पायांतून सलग ७५ वॅट निघाले तरी वैद्याने पाठ थोपटावी. तेवढ्यावर एकट्याने चढू गेले तर गती ताशी पाचावर येते. त्या गतीला सायकल झोकांड्या खाऊ लागते आणि स्वार उतरतो. म्हणजे त्या वेळी मी उतरलो तो कच खाऊन नव्हे, गणिताने उतरलो होतो. हे आधी कळले असते, तर भाचीच्या मुलाला सायकल देताना मी इतका खिन्न झालो नसतो.

चढलो. घाम आला, धाप लागली, मांड्या भरून आल्या. ज्यांना वाटते की विजेच्या सायकलीत हे काही होत नाही, त्यांनी मदतीच्या खालच्या पायरीवर एकदा हा चढ करून पाहावा. पडद्यावर ११ आणि १२ यांच्यामध्ये आकडा हलत होता. माझे ७५ आणि तिचे ७५. वर मात्र मी पार गोंधळलो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरुंग लावून पाडला आणि पुढल्या वर्षी तेथे नव्या पुलांचे जाळे उभे राहिले, हे वाचलेले होते. पण सायकलवाल्याने त्यातून बावधनला कसे जावे, याविषयी कोणी काही तजवीज केल्याचे मला आढळले नाही. दोनदा उतरून विचारले, एकदा चुकलो, आणि एकूण पाऊण तासाने मित्राच्या दारात उभा राहिलो.

तो बाल्कनीतून सगळे पाहत होता. खाली आला, सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बॅटरीवर बोटाच्या पेराने टकटक केले आणि जुन्या आवाजात विचारले, “वहिवाट कोणाची?”

“खुद्द,” मी म्हणालो.

“खोटी नोंद. पंचनामा करावा लागेल,” तो म्हणाला. “रीत काय ते सांग.”

“अर्धेली.”

त्याने मान डोलावली. चहा झाला, दोन जुन्या प्रकरणांवर यथास्थित भांडण झाले, आणि जेवणाची वेळ होण्यापूर्वी मी निघालो. उतारावर पायडल मारावे लागत नाही आणि मोटारही चालत नाही. खाली येताना दोघेही रिकामे होतो. घरी बॅटरीच्या पाचांपैकी तीन रेघा शिल्लक होत्या.

हे आता दर गुरुवारी चालते. तेव्हा सकाळी नवाच्या सुमारास कोथरूड डेपोपुढच्या चढावर, करड्या रंगाच्या दांडीच्या सायकलीवर, डाव्या कडेने सावकाश जाणारा एक म्हातारा दिसला, तर मागून येणाऱ्या वाहनचालकांनी कृपया हॉर्न वाजवू नये. त्याने वेग वाढत नाही. उजवीकडे भरपूर जागा असते.